पर्मनंट अ‍ॅड्रेस : धाराशिव

हातात डिग्री, पाठीला सॅक, खिशात रात्रीच्या एसटीचं तिकीट. दर वीकेंडला पुण्यात असे कितीतरी जण उतरतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. 'स्किल्स नाहीत हो यांच्यात' असं म्हणून आपण कॉफी मागवतो. पण राव, स्किल नेमकं कुणाकडं कमी पडतंय?

शनिवारची सकाळ. निम्मं पुणं पांघरुणात, उरलेलं मिसळीच्या रांगेत. आणि आम्ही चौघं कॉन्फरन्स रूममध्ये, एसी फुल, समोर सीव्हींची चळत. फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू! पॅनेलवर बसायला कुणालाच आवडत नाही. त्यामुळं ज्यांना नाही म्हणता येत नाही, ते बसतात. म्हणजे मी.

अकरा वाजेपर्यंत सगळे सीव्ही सारखेच दिसायला लागतात. तेच 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'मध्ये काम करायची तीच दांडगी इच्छा, हॉबीजमध्ये तेच वाचन आणि तेच म्युझिक ऐकणं. मी सवयीनं शेवटचं पान आधी उलटते. तिथं 'पर्मनंट अ‍ॅड्रेस' असतो, आणि तेवढाच काय तो खरा, स्वतःच्या हातचा मजकूर असतो. एका सीव्हीवर होतं, मुक्काम पोस्ट अमुक अमुक, तालुका वाशी, जिल्हा धाराशिव.

माझ्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे. २०२३मध्ये नाव बदललं, त्यामुळं त्याच्या सीव्हीवर धाराशिव. जिल्हा एकच. मी कळंबची. पण हे मी ऑफिसात फारसं कुणाला सांगत नाही. लपवते असं नाही हो, विषय निघत नाही, एवढंच.

मुलगा आत आला. शर्ट नवा कोरा, घडीच्या रेघा अजून तशाच. रात्रभर एसटीत बसून हडपसरला उतरलेला, तिथंच कुठंतरी तोंड धुतलेलं. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ.' पाठ केलेली दोन वाक्यं सुरळीत गेली, तिसऱ्याला गाडी अडकली. फायनल इयरचा प्रोजेक्ट? 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम.' यात तू स्वतः काय केलंस? शांतता. (हा प्रोजेक्ट महाराष्ट्रात किती हजार वेळा सबमिट झाला असेल देव जाणे. तेवढ्या लायब्रऱ्या तरी आहेत का आपल्याकडं?) मग त्यानं इंग्रजी सोडलं आणि मराठीत धरलं, "मॅडम, मी तेच सांगायलोय की..."

सांगायलोय! आमच्या एचआरच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. वाईट नव्हतं ते हसू. पण मला दिसलं, आणि त्यालाही दिसलं. त्यानंतर तो जे बोलला ते सगळं स्वतःच्या बुटांशी बोलला.

आमच्या फॉर्मवर रकाने असतात. टेक्निकल, कम्युनिकेशन, अ‍ॅटिट्यूड, प्रत्येकी पाचापैकी. कम्युनिकेशनला सगळ्यांनी दोन दिले. मीही दोनच.

टपरीवरचा इंटरव्ह्यू

लंचला खाली उतरले तर तो टपरीवर उभा, सॅक पाठीला, चहा हातात. मला राहवलं नाही. म्हटलं, "वाशीचा का रे? मी कळंबची." त्याचा चेहराच बदलला. 'मॅडम'ची एका सेकंदात 'ताई' झाली. "ताई, आधी सांगायचं न्हवं का!"

मग गप्पा. घरी काय? चार एकर, तीन गाई, आणि चुलत्याचं गावात दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ लिटर मोजायचं, मशिनवर फॅट आणि एसएनएफ काढायचं, दरपत्रकात बघून भाव लावायचा, दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल. पूर्वी हे सगळं वहीत. वहीत चुका, चुकांवरून भांडणं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद, हा घरी बसलेला. त्यानं सगळं एक्सेलमध्ये घेतलं. फॅट आणि एसएनएफ टाकले की दर आपोआप, दहाव्या दिवशी बिल तयार. इथवर ठीक, हुशार पोरं असं करतात. पण पुढं ऐका.

एकदा एका गवळ्याची फॅट घसरली. चुलता म्हणाला, पाणी घालायलाय. गवळी शपथा घ्यायला लागला. यानं शीट उघडलं, मागच्या पंधरा दिवसांचे आकडे एकाखाली एक लावले, तर त्या दिवसापासून सगळ्यांचीच फॅट तेवढीच खाली आलेली! "मी चुलत्याला म्हणलं, नाना, अख्ख्या गावानं एकाच दिवशी सारखंच पाणी कसं घातलं असंल?" मशिन बिघडलं होतं. माणूस बोलावला, मशिन नीट करून घेतलं, मधल्या दिवसांची बिलं फिरवून दिली, भांडण मिटलं.

मी चहा तसाच धरून उभी. आम्ही ज्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू घेत होतो त्या कामात रोज हेच करायचं असतं. आकड्यांत काहीतरी खटकलं, तर दोष क्लायंटचा की सिस्टिमचा, हे शोधून काढायचं! ज्यांना ते येतं असं आम्ही समजतो, त्यांनाही सहा महिने शिकवावं लागतं.

"अरे, मग हे सीव्हीत का नाही लिहिलंस?"

"ते काय ताई, ते घरचं काम आहे."

तोवर वर फॉर्म सबमिट झालेला होता.

पंचवीस टक्क्यांचं भूत

'ग्रॅज्युएट भरपूर, कामाचे कमी' हे वाक्य आपल्या पिढीनं कॉलेजात असल्यापासून ऐकलंय. त्याचा उगम बऱ्याच अंशी २००५ सालचा. नॅसकॉम आणि मॅकिन्झीनं तेव्हा सांगितलं की भारतातल्या इंजिनिअरांपैकी साधारण पंचवीस टक्केच मल्टिनॅशनल कंपनीत थेट नोकरीला लायक आहेत. त्या आकड्यामागं कुठली परीक्षा नव्हती, कंपन्यांच्या एचआरवाल्यांना विचारलेलं मत होतं. पण आकडा जबरदस्त गाजला. २०११मध्ये अ‍ॅस्पायरिंग माइंड्स कंपनीनं तो आणखी खाली आणला. आयटी सर्व्हिसेससाठी लायक इंजिनिअर फक्त १७.४५ टक्के! मग 'इंडिया स्किल्स रिपोर्ट' आला. २०१४मध्ये ३३.९५ टक्के ग्रॅज्युएट एम्प्लॉयेबल, २०२४मध्ये ५१.२५ टक्के. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालानंही हा शेवटचा आकडा घेतला. म्हणजे दर दोघांमधला एक कॉलेजातून थेट नोकरीत जाऊ शकत नाही.

आता एक गंमत. अ‍ॅस्पायरिंग माइंड्सचा धंदा काय? कंपन्यांना उमेदवारांच्या टेस्ट विकणं. इंडिया स्किल्स रिपोर्टमागची व्हीबॉक्स? तीही टेस्ट घेणारी कंपनी. थर्मामीटर विकणाराच सांगतोय की गावात तापाची साथ आहे. म्हणून ताप खोटा, असं मी म्हणत नाही. इंटरव्ह्यू घेतलेल्या कुणालाही तो माहितीये. पण १७, २५, ५१ हे आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. लायक कशासाठी, कुणाच्या मते, हे प्रत्येक वेळी वेगळं आहे.

ज्या आकड्यानं मला खरंच हलवलं तो दुसराच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 'इंडिया एम्प्लॉयमेंट रिपोर्ट २०२४'नुसार २०२२मध्ये तरुण ग्रॅज्युएटांमधली बेरोजगारी होती २९.१ टक्के. आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली? ३.४ टक्के. जितकं जास्त शिकाल तितकं जास्त रिकामं बसाल! अर्थात यात एक मेख आहे. न शिकलेल्याला बसून राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम धरतो. ग्रॅज्युएटाच्या मागं आई-बाप उभे असतात, आणखी एक वर्ष, आणखी एक फॉर्म म्हणत.

आणि आपण, म्हणजे कंपन्या? मायकल स्पेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७३मध्ये एक भन्नाट फंडा मांडला होता. २००१च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा एक वाटा त्याला याच कामासाठी मिळाला. कंपनीला माणूस आतून दिसत नाही, म्हणून ती डिग्रीकडं खूण म्हणून बघते. हा एवढं रेटून पास झाला म्हणजे इथंही रेटेल. दोन हजारच्या दशकात आयटी कंपन्यांचं भरतीचं गणित यावरच होतं. शाखा कुठलीही असो, मेकॅनिकल, सिव्हिल, चालेल. डोकं आहे ना? बाकी आम्ही शिकवू. इन्फोसिस म्हैसूरच्या कॅम्पसवर पोरांना कित्येक महिने पगार देऊन शिकवायची. २००४मध्ये तिनं 'कॅम्पस कनेक्ट' काढलं आणि कॉलेजांच्याच वर्गात घुसली. टीसीएसनं २००६मध्ये 'इग्नाइट' काढून साध्या सायन्स ग्रॅज्युएटांना घेतलं आणि घडवलं. तेव्हाच्या फ्रेशरांना काय आपोआप येत होतं? काही नाही. आज टीम मीटिंगमध्ये 'हल्लीच्या पोरांना काही येत नाही' म्हणणारे आमचे कितीतरी सीनियर त्याच कारखान्यातून बाहेर पडलेत.

मग खूण स्वस्त झाली. गल्लोगल्ली इंजिनिअर, तर डिग्री बघून काय कळणार? कंपन्यांनी शिकवण्याचा खर्च कमी केला, अपेक्षा वाढवल्या. आता जाहिरात असते 'फ्रेशर पाहिजे' आणि खाली बारीक अक्षरात 'एक वर्षाचा अनुभव असल्यास प्राधान्य'. कसला फ्रेशर तो!

कंपनी दाखवा, बक्षीस मिळवा

धाराशिवात कॉलेज नाही म्हणून पोरं मागं, असं कुणाला वाटत असेल तर चूक. इंजिनिअरिंग कॉलेज १९८३पासून आहे. वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्याच वर्षीचं. विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं कॅम्पस आहे, ज्याचं काम १९८६ला सुरू झालं. एमएस-सीआयटी तर २००१ला आली आणि बघता बघता तालुक्या-तालुक्यात पोचली. कॉम्प्युटर चालू-बंद कसा करायचा इथपासून शिकलेल्या आमच्या बॅचा सर्टिफिकेट लॅमिनेट करून घरी घेऊन जायच्या.

कमी आहे ती नोकरी देणारी जागा. आठ तालुके, २०११च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर लोक, त्यातले शहरात राहणारे सतरा टक्क्यांच्या आसपास. २०१८मध्ये नीती आयोगानं देशातले मागं पडलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले. महाराष्ट्रातले चार, नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपलं उस्मानाबाद. त्यातले दोन जंगलातले, आदिवासी पट्ट्यातले. आपण मात्र पुण्यापासून एका रात्रीवर! जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत. भूम भागात खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीचा पेढा खाल्ला नसेल तर आयुष्यात काहीतरी राहिलंय. उस्मानाबादी शेळी ही देशात नावाजलेली जात. (जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं जुनंच राहिलं. तिला कुठं पर्मनंट अ‍ॅड्रेस भरायचाय!) तुळजाभवानीमुळं तुळजापूरला बारा महिने गर्दी. म्हणजे पैसा फिरतो, धंदे होतात. पण 'असिस्टंट मॅनेजर' किंवा 'ट्रेनी इंजिनिअर' अशी पाटी लावलेली खुर्ची शोधायला गेलात तर बोटावर मोजाल.

याचा परिणाम पगाराहून खोल जातो. चिंचवडच्या पोराचा मामा कंपनीत असतो. शिफ्ट, डिस्पॅच, रिजेक्शन, ऑडिट हे शब्द तो जेवताना ऐकतो. बाप ईमेलला वैतागलेला त्यानं बघितलेला असतो. ऑफिस म्हणजे काय, तिथं माणसं दिवसभर करतात काय, हे त्याला कुणी शिकवत नाही, त्याला ते ठाऊकच असतं. आमच्याकडं जेवताना शब्द येतात ते पाऊस, ऊसबिल, फॅट, टँकर, मोंढ्यातला भाव. वाशीच्या त्या मुलानं आयुष्यात पहिलं कॉर्पोरेट ऑफिस आतून बघितलं ते आमचं. इंटरव्ह्यूच्या दिवशी! आणि आपण त्याच्या 'कॉन्फिडन्स'ला मार्क देतोय.

नव्या शैक्षणिक धोरणात एमएच्या मुलांनाही ऑन जॉब ट्रेनिंग आहे, त्याचे क्रेडिट आहेत. कल्पना झकास. पुण्यात मुलं स्टार्टअप गाठतील. कळंबला जॉब कुठला, ट्रेनिंग कुठलं? शेवटी कुठल्यातरी ओळखीच्या दुकानाचा, पतसंस्थेचा शिक्का आणायचा, फाइल जमा करायची. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिमचा धाकटा भाऊ.

मुलींचं तर विचारूच नका. माझ्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार दोघी होत्या. एकीला घरून लातूरपर्यंतच परवानगी होती, पुण्याला नाही. ती आज काय करते हे मला माहितीये. काय करू शकली असती तेही माहितीये. त्या गॅपचा रिपोर्ट कुणी काढत नाही.

भरती कधी निघायलीय?

मग पोरं करतात काय? सकाळी सहाला मैदानावर पळतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. पुण्यातल्या सदाशिव पेठेचं एमपीएससी विश्व तुम्ही बघितलं असेल, त्याच्या छोट्या आवृत्त्या आता तालुक्याच्या गावीही आहेत. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त. २०२४च्या पोलिस भरतीत १७,४७१ जागा, अर्ज १७ लाखांवर. म्हणजे एका जागेला शंभर जण! इंजिनिअर, एमबीए, सगळे रांगेत.

आपण पुण्या-मुंबईत बसून म्हणतो, काय हा सरकारी नोकरीचा हव्यास. जरा त्यांच्या जागेवरून बघा. खासगी नोकरी म्हणजे बारा-पंधरा हजार, त्यातले निम्मे कॉट बेसिस आणि मेसला, आणि 'सांगायलोय' म्हटलं की हसणारी एचआर. सरकारी परीक्षेचा पेपर मराठीत असतो, सिलॅबस छापलेला असतो, हॉबीज कुणी विचारत नाही. शंभरात एक असला तरी नियम माहीत असलेला खेळ आहे तो. आमच्या खेळाचे नियम कुठं छापलेत?

सरकारनं २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. लोकांनी तिचं नाव 'लाडका भाऊ' करून टाकलं. बारावी पास ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमा ८,०००, ग्रॅज्युएट १०,००० महिना. सुरुवातीला सहा महिने होते, नंतर मुदत वाढवून अकरा केले. कल्पना अशी की कंपनीत शिका, पैसे सरकार देईल. कंपन्या जिथं आहेत तिथं ठीक. जिथं नाहीत तिथं बरीच पोरं सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत लागली. तिथं शिकून पुढं कुठं जायचं, हा प्रश्न मुदत संपल्यावर उरलाच. त्यावर नंतर आंदोलनंही झाली.

दुसरीकडं २०२४मध्येच महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला दहा हजार तरुण पाठवायचे म्हणून. मागणी कुणाला? नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर यांना. ज्या आयटीआयला 'मार्क कमी पडले म्हणून गेला' असं आमच्याकडं अजूनही म्हणतात, त्या पोरांना मर्सिडीजच्या गावातून बोलावणं. जर्मन शिकण्याची अट मात्र पक्की, आणि तिथंच गाडी हळू चालते. भाषा एका पावसाळ्यात येत नसते.

सर्टिफिकेट नसलेल्या बाया

स्किल कुठून येतं याचं आमच्या जिल्ह्याकडं एक जुनं, खणखणीत उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप लोक लातूरचा म्हणून ओळखतात, पण सास्तूरसारखी आमच्या जिल्ह्यातली गावंही त्यात झोपली ती झोपलीच. नंतर घरं दुरुस्त करून मजबूत करण्याचा प्रचंड कार्यक्रम निघाला. गावोगाव लोकांना समजावणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं ते काम गावातल्या बायकांवर सोपवलं. त्यांना म्हणायचे संवाद सहायक. सरकारी इंजिनिअर आणि गावकरी यांच्यामधला दुवा. सरकारी मदत कशी मिळते, भूकंप सोसणारी भिंत कशी बांधायची, गवंड्यानं काम नीट केलंय का, हे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया बघायला लागल्या. शेकडो गावांत. बहुतेकींच्या हातात डिग्री तर सोडाच, शाळेचा दाखलाही धड नव्हता.

आज त्यांचा सीव्ही केला तर? प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन, क्वालिटी चेक, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. एचआरला चक्कर येईल. त्यांना हे शिकवलं कसं? वर्गात नाही. काम दिलं, सोबत राहिले, चुकू दिलं. प्रेमा गोपालन २०२२मध्ये गेल्या. भूकंपानंतर उभी राहिलेली ती संस्था पुढं याच भागातल्या बायकांना शेतीत आणि छोट्या धंद्यांत उभं करत आली.

आणि शिकवणं हा धर्मादाय नाही बरं का. बंगळुरूकडच्या शाही एक्स्पोर्ट्सच्या कपड्यांच्या कारखान्यांत अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. शिलाई कामगार बायकांना सॉफ्ट स्किल्स शिकवले, म्हणजे वेळेचं नियोजन, अडचण सुपरवायझरला कशी सांगायची, असं. सोबत न शिकवलेल्या बायकांशी तुलना केली. शिकलेल्यांचं काम सुधारलं आणि ट्रेनिंगवर घातलेला पैसा कंपनीला काही महिन्यांतच अडीचपट नफ्यासह परत आला. कशात? तर ज्याला आपण 'उपजतच पाहिजे' म्हणतो, त्या कम्युनिकेशनमध्ये!

दोनाचे किती?

'कम्युनिकेशन'च्या रकान्यात आपण मोजतो काय, हा प्रश्न त्या शनिवारपासून माझा पिच्छा सोडत नाही. आपलं काम नव्वद टक्के चॅटवर आणि टिकिटावर चालतं. फोनवर क्लायंटशी बोलणारे टीममध्ये दोघं. मग इंटरव्ह्यूत अर्धा तास फाडफाड इंग्रजी कशासाठी तपासायचं? आणि मराठीत उत्तर दिलं तर 'करतोय' शुद्ध आणि 'करायलोय' अशुद्ध, हे कुठल्या कंपनी पॉलिसीत आहे? मी स्वतः पुण्यात आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत 'करायले' सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. रूममेट एकदा हसली, बस. आता आईशी फोनवर बोलताना गॅलरीत जाते, आणि तिथं मात्र 'काय करायलीस माय?' आपोआप येतं.

त्या मुलाची बाजू मी फार ओढतेय असं वाटत असेल तर थांबा. त्याचंही चुकलं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून प्रोजेक्ट विकत आणायचा आणि मग तो समजावता येत नाही म्हणून गप्प बसायचं, हे मला नाही पटलं. साधा ईमेल लिहिता येत नसेल तर तो शिकायलाच हवा, त्याला गाव आडवं येत नाही. फोन हातात आहे, डेटा स्वस्त आहे, रिल्स बघायला वेळ आहे. हे मी त्याला टपरीवर तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "खरं आहे ताई." आणि मग म्हणाला, "पण काय शिकायचं, हेच कळना की." कॉलेजातल्या कुणीही चार वर्षांत त्याला हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्यापैकीही कुणी आमच्यासारख्या ऑफिसात कधी काम केलेलं नव्हतं.

सोमवारी मी आमच्या टीम लीडला म्हटलं, पुढच्या राउंडला प्रोजेक्टचा प्रश्न काढून टाकू या का? त्याऐवजी विचारू, घरात, गावात, कुठंही, हिशोब चुकला होता आणि तू शोधून काढलास असं कधी झालंय का? आणि उत्तर हव्या त्या भाषेत दे. तो म्हणाला, आयडिया छान आहे, पण स्कोअर कसा करायचा? फॉर्ममध्ये तसा रकाना नाही. मी म्हटलं, मग रकाना करू. त्यानं 'बघू' म्हटलं. ऑफिसातल्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला मी काय सांगायचा! तरी पुढच्या शनिवारी मी तो प्रश्न विचारलाच, फॉर्मबाहेर. अकरा जणांतल्या चौघांनी खुर्चीत सरकून बसत उत्तर दिलं. एक जण बहिणीच्या लग्नाच्या मंडपवाल्याच्या बिलाबद्दल सात मिनिटं बोलला आणि त्यात एकदाही अडखळला नाही.

वाशीच्या मुलाचं आमच्याकडं नाही झालं. निकाल फिरवता येत नव्हता, सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही असा नियम आहे. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मागं गाईंचा आवाज, मशिनची बीप. संकलनाची वेळ होती. दुसऱ्या एका कंपनीला सीव्ही पाठवायचाय म्हणाला. मी विचारलं, दुधाचं घातलंस का? म्हणाला, "घालायलोय ताई. पण 'अख्ख्या गावानं एकाच दिवशी पाणी घालंल का' हे इंग्रजीत कसं लिहू?"

आम्ही पाऊण तास फोनवर ते एक वाक्य लिहीत होतो.